विषय: पिनरला भाड्याने घर घ्यावं का? मेट्रोपॉलिटन लाइनवाल्यांना (लंडनच्या भुयारी रेल्वेची वायव्येकडे जाणारी लाइन) विनंती

प्रेषक: मृ. दे., वेम्बली पार्क

नमस्कार मंडळी,

आम्ही दोन वर्षं वेम्बली पार्कला एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतोय. बाराव्या मजल्यावर. मुलगी सप्टेंबर २०२७ मध्ये रिसेप्शनला (इथल्या शाळेचं पहिलं वर्ष) जाईल, तेव्हा आता थोडं मोठं आणि जमिनीवरचं घर हवंय. गेल्या रविवारी सहज पिनरला उतरलो. हाय स्ट्रीटचा तो चढ, वर टोकाला जुनं चर्च, मागच्या गल्ल्यांमधून ओकची आणि चेस्टनटची झाडं. मला लहानपणच्या प्रभात रोडची आठवण झाली आणि मी तिथेच थांबले.

स्टेशनपासून बारा मिनिटांवर एक दोन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूची भिंत शेजारच्या घराशी सामाईक असलेलं) घर भाड्याने निघालंय, मागे बाग आहे. एजंट म्हणतो, आणखी दोन कुटुंबं बघून गेलीत, लवकर कळवा. यांचं ऑफिस लंडनच्या मध्यभागी, मूरगेटला, आठवड्यातून तीन दिवस. तिकडे राहणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगावं.

---

प्रेषक: स. भा., रिकमन्सवर्थ

ताई, मी गाडीपुरतं सांगतो.

तिकिटाच्या हिशेबात पिनर झोन ५ मध्ये, आम्ही आणखी बाहेर झोन ७ मध्ये. तरी सकाळी बरेचदा मी पिनरच्या माणसाइतक्याच वेळात पोचतो, कारण ॲमरशॅम-चेशमकडून येणारी फास्ट गाडी मूर पार्क सोडली की थेट हॅरो-ऑन-द-हिलला थांबते. नॉर्थवुड, पिनर, नॉर्थ हॅरो ही स्टेशनं तिच्या खिडकीतून नुसती दिसतात. सकाळी लंडनकडे आणि संध्याकाळी परत, एवढीच तिची धाव. तुम्हाला वॉटफर्डकडून येणारी गाडी धरावी लागेल. काही गाड्या बेकर स्ट्रीटलाच संपतात, तिथे उतरून मूरगेटची दुसरी पकडायची. अर्ध्या तासात बेकर स्ट्रीट आलं म्हणून जाहिरातीत 'लंडन ३० मिनिटं' लिहितात, पण तुमचं लंडन मूरगेटला आहे.

म्हणून रविवारी पाहिलेल्यावर जाऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी यांना सकाळी पावणेआठला त्या घराच्या दारातून निघू दे, घड्याळ लावून ऑफिसच्या दारापर्यंत. आणि आणखी एक: ज्या झाडांना तुम्ही भुललात त्यांचीच पानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात रुळांवर पडतात, चाकाखाली चेंगरून त्यांचा चिकट थर होतो, ब्रेक नीट लागत नाहीत. मग गाड्या जपून चालवतात. त्या दोन महिन्यांत दहा मिनिटं जास्तीची धरून निघायचं.

---

प्रेषक: अ. कु., पिनर

अगं, तुझी मेल वाचून मला आमचाच पहिला मे महिना आठवला.

आम्ही अकरा वर्षं या भागात भाड्यानेच राहतोय, हे तिसरं घर. पिनर मला फार आवडतं, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून घाबरणार नाहीस. पण ही झाडी आणि ही घरं एकाच वेळी, एकाच हेतूने इथे आली, ते समजून घेतलं की घर कसं बघायचं ते कळतं. रेल्वे इथे १८८५ मध्ये आली. पहिल्या महायुद्धानंतर मेट्रोपॉलिटन रेल्वेने रुळांलगतच्या जमिनींवर घरं बांधून विकायला स्वतंत्र कंपनी काढली आणि १९१५ पासूनच या साऱ्या पट्ट्याला दिलेल्या 'मेट्रो-लँड' या नावाने जाहिराती केल्या: शहरात नोकरी करा, झाडाखाली राहा. दोन महायुद्धांच्या मधे ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. बाहेर आलेली गोलसर खिडकी, उतरतं कौलारू छप्पर, मागे लांबट बाग. तुझं सेमी बहुतेक त्यांतलंच असेल. म्हणजे नव्वद वर्षांच्या आसपासचं घर. भिंतींत इन्सुलेशन नंतर कुणी भरलं असेल तर ठीक, नाहीतर गोलसर खिडकीच्या कोपऱ्यात जानेवारीत हात लावून बघ.

आमचं पहिलं घर आम्ही मे महिन्यात पाहिलं. मागच्या बाजूला शेजाऱ्यांचा मोठा ओक, त्याची अर्धी सावली आमच्या छपरावर. मी त्या ओकसाठीच हो म्हटलं. नोव्हेंबरात पाऊस लागला आणि वरच्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, छताजवळ, ताटाएवढा ओला डाग आला. पंधरा दिवसांत परातीएवढा झाला. मुलाचा पलंग त्याच भिंतीला होता. त्याचा खोकला सुरू झाला तेव्हा मी एजंटला लिहिलं. उत्तर आलं की हा 'राहणीमानाचा' प्रश्न आहे: तुम्ही जास्त स्वयंपाक करता, घरात कपडे वाळवता, खिडक्या उघडत नाही. मी आठवडाभर कुकर लावायलाही भ्यायले. फोडणी दिली की खिडकी सताड उघडायची, बाहेर चार डिग्री. डाग वाढतच होता.

शेवटी एका शनिवारी मुसळधार पाऊस असताना हे छत्री घेऊन मागच्या बागेत उभे राहिले. गटर, म्हणजे छपराच्या कडेची पन्हळ, काठोकाठ भरून मधूनच बाहेर सांडत होती आणि पाणी थेट भिंतीवरून उतरत होतं. व्हिडिओ काढला, तारीख-वेळ दिसेल असा. वरच्या खोलीतल्या डागाचा फोटो त्याच जागेचा. दोन्ही एकत्र करून मेल केली, आणि त्यात शांतपणे लिहिलं की १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे घराचा सांगाडा, बाहेरची बाजू, पन्हळी आणि बाहेरचे पाइप दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम आहे. सहाव्या दिवशी शिडी घेऊन माणूस आला. त्याने पन्हळीतून दोन बादल्या काळा चिखल काढला, ओकच्या पानांचा. त्यानंतर डाग वाढला नाही.

यातून मी शिकलेला फरक तुला सांगते. श्वासाची, कुकरची, ओल्या कपड्यांची वाफ थंड काचेवर, खिडकीच्या चौकटीत, कपाटामागे बसते आणि तिथे काळे ठिपके येतात. ते आपण आटोक्यात ठेवायचं, पंखा लावायचा, काच पुसायची. पण एकाच जागी, पाऊस पडला की वाढणारा, पिवळसर कडेचा डाग बाहेरून येतो. दोन्हींचं खापर आपल्या फोडणीवर फोडू द्यायचं नाही.

म्हणून घर पाहताना वर बघ. पन्हळीतून गवताचं पातं डोकावतंय का, भिंतीवर हिरवट ओघळ आहे का, वरच्या खोलीत एकाच भिंतीला ताजा रंग का दिलाय. शक्य असेल तर पावसात जा. एजंटला विचार की पन्हळी वर्षातून केव्हा साफ होतात आणि कोण करतं, आणि उत्तर मेलवर घे. बागेचंही विचार. करारात बहुतेक 'बाग नीट ठेवणे' हे भाडेकरूवर असतं. पानं आपणच गोळा करायची, बागेच्या कचऱ्याच्या डब्यासाठी काउन्सिलला (इथली पालिका) वेगळे पैसे भरायचे. दाताळं घेतलंस की दोन शनिवारांचं काम आहे, आणि खरं सांगते, मला ते आवडतं. पण शेजारच्या मोठ्या झाडाची फांदी स्वतःच्या मनाने तोडू नकोस. इथल्या बऱ्याच झाडांना काउन्सिलचं संरक्षण असतं, परवानगी लागते.

बाकी पैशाचं चटकन सांगते. काउन्सिल टॅक्स आपल्यालाच भरावा लागतो, आणि घराचा बँड (कराचा गट) १९९१ च्या किमतीवर ठरलेला असतो, पोस्टकोड टाकून आधीच बघता येतो. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. समजा भाडं महिना २,००० पौंड, तर वर्षाचे २४,००० भागिले ५२ गुणिले ५, म्हणजे २,३०७ पौंड ६९ पेन्स. ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करून तसे कागद तुला मिळायला हवेत. पहिल्या दिवशीच प्रत्येक खोलीचे फोटो काढ, ओव्हनच्या आतलाही. आमच्या त्या घरातून निघताना त्याच डागाच्या रंगकामाचे पैसे कापायला निघाले होते. योजनेच्या मोफत निवाड्याकडे गेलो, व्हिडिओ जोडला, पूर्ण रक्कम परत मिळाली.

---

प्रेषक: वि. सा., हॅरो

काकूंच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण मी वेगळा सल्ला देईन. लहान मूल, तीन दिवस ऑफिस, वर बाग आणि पन्हळी. हॅरो-ऑन-द-हिलजवळ फ्लॅट घ्या. फास्ट गाडीही थांबते, मेरिलबोनला जाणारी चिल्टर्न कंपनीची रेल्वेही मिळते, किराणा चालत. झाडं हवीत तर टेकडीवर फिरायला जा. आम्ही सहा वर्षं तेच करतोय, समाधानी आहोत.

---

प्रेषक: मृ. दे., वेम्बली पार्क

सगळ्यांचे मनापासून आभार. हॅरोचे दोन फ्लॅट पाहिले, वि. सा. दादा, गाडीचं तुमचं शंभर टक्के पटलं. पण बाराव्या मजल्यावरून तिसऱ्यावर येऊन मुलीला काय मिळणार? तिला मातीत हात घालायचाय.

आज एजंटचा फोन आला. यांनी मार्चमध्ये नोकरी बदलली, आणि मधे चार महिने पगार नव्हता, म्हणून आमचं रेफरन्सिंग (भाडेकरूच्या पगाराची आणि मागच्या भाड्याची तपासणी) कच्चं आहे म्हणतो. २०२४ मध्ये भारतातून आलो तेव्हा आम्ही सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरून प्रश्न मिटवला होता. तेच पुन्हा करायला तयार आहोत असं म्हटलं, तर तो म्हणतो आता चालत नाही, जामीन आणा. आमचं इथे कुणी नाही. हे खरं आहे का?

---

प्रेषक: अ. कु., पिनर

खरं आहे. इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून नवीन कायदा लागू झाला, त्यात करारावर सही होण्याआधी भाडं घेता येत नाही आणि सही झाल्यावरही एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही. भारतातून नव्याने येणाऱ्या आपल्या मुलांचा तोच तर मार्ग होता, तो बंद झाला, हे मंडळातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं. पण त्याच कायद्याने तुला बरंच दिलंय. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा जास्त भाडं एजंटला मागता येत नाही आणि कुणी देऊ केलं तरी घेता येत नाही, म्हणजे त्या 'आणखी दोन कुटुंबांना' घाबरून बोली लावायची गरज नाही. बारा महिन्यांची सक्ती गेली. तू दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतेस. विनाकारण घर रिकामं करायला लावणारी ती जुनी नोटीस गेली. मालकाला घर विकायचं असेल किंवा स्वतः राहायला यायचं असेल तर पहिल्या वर्षात काढता येत नाही, आणि चार महिने आधी नोटीस द्यावी लागते. मुलीच्या शाळेचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत करायचा आहे, त्याआधी पत्ता पक्का झाला की निदान त्या वर्षाची काळजी मिटेल.

आता जामिनाचं. आधी कागद दे: यांच्या कंपनीचं पगाराचं पत्र, मार्चपासूनच्या पगाराच्या स्लिपा, दोन वर्षं वेळेवर भाडं भरल्याचं जुन्या मालकाचं पत्र, बँकेतली शिल्लक. हे शेवटचं पत्र बरेचदा काम करतं, आणि आपण मागायला विसरतो. एवढं करूनही नाही म्हणाले तर मला सांग. आम्ही दोघं बोललोय, आमची तयारी आहे, पण जामीनपत्रात रक्कम आणि मुदत दोन्ही लिहिलेली असली तरच. हे अविश्वासाने म्हणत नाही गं. आता करार मुदतीशिवाय चालू राहतो, तसा जामीनही अमर्याद चालू राहू नये, एवढंच. उद्या तूही कुणाला जामीन राहशील तेव्हा हेच कर.

---

प्रेषक: मृ. दे., वेम्बली पार्क

काकू, काल तुमची मेल वाचताना डोळे भरून आले. पण जामिनाची वेळ आली नाही. जुन्या मालकाचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा दिल्यावर त्यांनी होकार कळवला.

बुधवारी हे पिनरहून मूरगेटला जाऊन आले, दारापासून दारापर्यंत ६८ मिनिटं. तीन दिवसांसाठी चालेल म्हणतात, डबा मात्र आदल्या रात्री भरून ठेवायचा. शनिवारी सकाळी पाऊस होता म्हणून मुद्दाम घर पुन्हा बघायला गेलो. मी छत्री घेऊन मागच्या बागेत उभी राहिले आणि तुम्ही सांगितलं तसं वर बघितलं. स्वयंपाकघराच्या वरच्या कोपऱ्यात पन्हळ सांडत होती, जोडाजवळ. आत त्या जागी अजून डाग नाही. एजंटला तिथल्या तिथे दाखवलं. आम्ही राहायला यायच्या आधी पन्हळ साफ करून जोड बदलून देऊ, आणि दरवर्षी डिसेंबरात मालक साफ करून घेईल, असं त्याने मेलवर लिहून दिलंय.

१७ ऑक्टोबरच्या शनिवारी सामान हलवतोय. स. भा. दादा, व्हॅन ठरलीय, पण कपाट उतरवायला दोन माणसं कमी पडतील. सकाळी दहाला जमेल का? दुपारी पिठलं-भात माझ्याकडे, खोक्यांवर बसून.

आणि काकू, बागेत आत्ताच घोट्याएवढी पानं साचलीत. मुलगी त्यात बसून उठायलाच तयार नव्हती. नवीन घेईपर्यंत तुमचं दाताळं मिळेल का?