बदनामीचं फौजदारी कलम काढलं म्हणजे रान मोकळं होत नाही
बदनामीला गुन्हा ठरवणारं फौजदारी कलम काढलं तर कुणीही कुणावर चिखलफेक करेल, अशी भीती काही जण घालतात; ती मला पटत नाही. श्रीलंकेने ते 2002 मध्येच काढलं, पण नुकसानभरपाईचा दिवाणी दावा तिथे आजही करता येतो. मालदीवने तर 2016 मध्ये आणलेला कठोर कायदा 2018 मध्ये गुंडाळला. आपल्याकडे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेतलं बदनामीचं कलम 499 वैध ठरवलं. नव्या न्याय संहितेत ते कलम 356 झालं, दोन वर्षांपर्यंतची कैद तशीच राहिली, समाजसेवेचा पर्याय तेवढा वाढला. (याला सुधारणा म्हणायचं तर म्हणा!) खरी मेख वेगळीच आहे: दिवाणी दाव्यात आरोप खरा ठरला की सुटका, फौजदारीत मात्र तो लोकहितासाठी केला हेही सिद्ध करावं लागतं.