आंब्याचा हंगाम संपल्यावर ग्राहकाशी नाते कसे टिकवावे? आभाराच्या संदेशांना उत्तरेच येत नाहीत

कातळबाग (देवगड)

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. २०२० पर्यंत आमच्या सगळ्या पेट्या वाशीच्या बाजारात दलालाकडे जात असत आणि पट्टी (त्याने दिलेला विक्रीचा कागद) हातात आली की हिशोब मिटत असे. आंबा शेवटी कोणाच्या घरी गेला, तो गोड निघाला की आत साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा दोष) निघाला, हे आम्हाला कधीच कळत नसे. टाळेबंदीच्या त्या हंगामात बाजार विस्कळीत झाला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या काही सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पोहोचवाव्या लागल्या आणि तेव्हापासून निम्म्याहून अधिक माल आम्ही स्वतःच विकतो. आज तीनशेच्या आसपास घरे आमच्याकडून आंबा घेतात.

अडचण अशी आहे की जूनमध्ये आम्ही सर्वांना एक छानसे चित्र आणि आभाराचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतो, त्याला मोजकीच उत्तरे येतात, आणि पुढच्या मार्चमध्ये ‘बुकिंग सुरू’ असे कळवले की बरीच जुनी घरे गप्प राहतात. इन्स्टाग्रामवर मोहराचे, फवारणीचे, काढणीचे रील टाकतो. ते हजारो लोक पाहतात, परंतु त्यातले पेटी मागवणारे फारच थोडे. भाचा म्हणतो की आभाराच्या संदेशासोबत पुढच्या वर्षीच्या सवलतीचे कूपन जोडावे, म्हणजे लोक बांधलेले राहतील. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही. बाग सांभाळून दिवसभर मोबाइल हातात धरून बसणेही शक्य नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

हातमाग_येवला

दादा, आमचा व्यवसाय पैठणीचा आहे आणि आपल्याहून आमची गोष्ट एका अर्थाने अवघड आहे, कारण एका घरात दुसरी पैठणी बहुधा पुढच्या लग्नालाच जाते. त्यामुळे सणावाराच्या शुभेच्छा सर्वांना एकदम पाठवणे आम्ही पूर्वीच बंद केले. त्याऐवजी मागणी नोंदवणाऱ्या ताईंना त्यांची स्वतःची साडी मागावर असतानाचे छायाचित्र पाठवतो: काठ कुठवर आला, पदरावरचे मोर विणायला घेतले की नाही, आणि विणकराची परवानगी असेल तर त्याचे नावही. साडी पोहोचल्यानंतर लगेच आभार मानत नाही. ती नेसली जाते तो दिवस आम्हाला मागणीच्या वेळीच कळलेला असतो, म्हणून त्यानंतर चार दिवसांनी ‘कार्य नीट पार पडले ना?’ एवढेच विचारतो. त्यावर फोटो येतात, आणि बहुतेक वेळा त्या फोटोंच्या मागोमाग एखाद्या जावेचा किंवा नणंदेचा फोन येतो.

आपल्याकडे असा क्षण आयताच आहे. आंबा तुम्ही कच्चा किंवा अर्धपक्का पाठवता आणि तो घरी पेंढ्यात पिकतो. पेटी पोहोचल्याचा निरोप कुरिअरवालेही देतात. पण चौथ्या-पाचव्या दिवशी ‘रंग फिरला का, वास सुटला का, एखादे फळ काळे पडत असेल तर आधी वेगळे काढा’ असे बागायतदाराने विचारले, तर त्यात आभारही आले आणि काळजीही आली. जूनमधले चित्र बंद केलेत तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

सदाशिव_पेठी

मी विक्रेता नाही, आंबा विकत घेणारा आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या घरी पूर्वी ज्यांच्याकडून पेट्या येत, ते गृहस्थ संक्रांतीपासून नाताळपर्यंत प्रत्येक सणाला शुभेच्छा पाठवत आणि प्रत्येक शुभेच्छेच्या तळाशी दरपत्रक असे. शेवटी मी त्यांचा क्रमांक म्यूट केला आणि मग त्यांचा आंबाही आपोआप सुटला.

आता ज्यांच्याकडून घेतो ते वर्षातून फार थोडे लिहितात. एका जानेवारीत त्यांनी कळवले की पहिला मोहर थ्रिप्सने (मोहरावरच्या बारीक किडीने) खाल्ला आहे, दुसऱ्या मोहराचे फळ मेच्या मध्यापर्यंत येईल, दर चढे राहतील, तेव्हा पाडव्यासाठी आंबा हवाच असेल तर या वर्षी दुसरीकडून घ्या. माल नाकारणारा विक्रेता मी प्रथमच पाहिला! आम्ही मे महिन्यापर्यंत थांबलो. दुसरे असे की हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही, हे त्यांनी पहिल्याच वर्षी समजावून सांगितले होते आणि कापलेल्या फळाचा फोटो पाठवला की तेवढी फळे पुढच्या पेटीत वाढवून देतात, वाद घालत नाहीत. ‘आपण आमच्या परिवाराचे सदस्य आहात’ या वाक्यापेक्षा मला ही वागणूक अधिक कृतज्ञतेची वाटते. परिवाराचे सदस्य म्हणवणारे दुकानदार पुण्यात आम्हाला नवे नाहीत, एवढे जाता जाता नमूद करतो.

आकडेमोड

कूपन का पटत नाही, याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडते. १९७६ मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये अमेरिकेतील एका दागिन्यांच्या दुकानावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुकानाच्या ग्राहकांचे तीन गट केले होते: एका गटाला फोन करून फक्त आभार मानले, दुसऱ्या गटाला आभार मानून लगेच खास विक्रीची माहिती दिली आणि तिसऱ्या गटाला फोनच केला नाही. नुसते आभार मानलेल्या गटाची खरेदी सुमारे ७० टक्क्यांनी वाढली, आभारासोबत विक्रीची बातमी ऐकलेल्यांची सुमारे ३० टक्क्यांनी, आणि तिसऱ्या गटात वाढ झाली नाही. सवलत जोडल्याबरोबर ऐकणाऱ्याला आभार हे निमित्त वाटू लागते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

मात्र हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यापूर्वी दुसरा अभ्यासही लक्षात घ्यावा. अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रे आणि एक राष्ट्रीय सेवाभावी संस्था यांच्या सुमारे पाच लाख देणगीदारांवर सहा वर्षे असाच प्रयोग झाला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे आभाराच्या फोनचा पुढच्या देणगीवर काहीही परिणाम दिसला नाही. पहिला प्रयोग एका दुकानापुरता आणि दुसरा प्रचंड मोठा, त्यामुळे विश्वास ठेवायचाच तर मी दुसऱ्यावर अधिक ठेवीन. हातमाग यांनी सांगितलेली पद्धत उपयोगी पडते ती आभारामुळेच, असे मी म्हणणार नाही; तिच्यात ग्राहकाला त्याच्याच वस्तूविषयी काही सांगितले जाते, आणि सर्वांना पाठवलेल्या ठरावीक संदेशात ते नसते.

तंत्रस्नेही_सांगली

सर्वांनी मनाचा विचार केला, मी यंत्राचा करतो. कातळबाग, आपण जूनचा संदेश ब्रॉडकास्ट यादीतून (एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या सोयीतून) पाठवता का? तसे असेल तर हे पाहा: ज्या ग्राहकाने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्टचा संदेश पोहोचतच नाही. शिवाय एका यादीत २५६ जणच मावतात. म्हणजे आपल्याला जे गप्प वाटतात, त्यांतल्या अनेकांना कदाचित काही मिळालेच नसेल. संदेशाच्या माहितीत तो कोणाकोणाला पोहोचला हे दिसते, ते एकदा तपासा.

ग्रुप करण्याचा मोह होईल, पण तो टाळावा, कारण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विम्याची जाहिरात टाकतो. बागेच्या सर्वसाधारण बातम्यांसाठी व्हॉट्सॲप चॅनेल बरे. तेथे अनुयायांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. वैयक्तिक विचारपुसीसाठी व्हॉट्सॲप बिझनेसमधील लेबले वापरा: ‘पेटी गेली’, ‘विचारपूस बाकी’, ‘साक्याची भरपाई’. रोज संध्याकाळी ‘विचारपूस बाकी’ एवढेच लेबल उघडले तर थोड्या वेळात काम होते, दिवसभर मोबाइल धरावा लागत नाही.

इन्स्टाग्रामविषयी इतकेच, की मोहराचे रील पाहणारे प्रेक्षक आहेत. त्यांना ग्राहक मानून निराश होऊ नये. एखाद्या ग्राहकाने आपल्या आंब्याची स्टोरी टाकून आपल्याला त्यात जोडले, तर ती पुन्हा टाकण्यापूर्वी विचारावे, आणि मुलांचा चेहरा असेल तर विचारल्याशिवाय टाकूच नये.

कातळबाग (देवगड)

सर्वांचे म्हणणे वाचले. तंत्रस्नेही, आपण सांगितले तसे आत्ताच पाहिले. शंभराहून अधिक घरांना जूनचा संदेश पोहोचलेलाच नाही. भाच्याला दाखवले, तो आता कूपनाविषयी काही बोलत नाही. साक्याबद्दल आधीच सांगायचे धाडस मला होत नव्हते, कारण दोष आपणच दाखवला तर गिऱ्हाईक जाईल अशी भीती होती; ग्राहकाच्या बाजूने ते ऐकल्यामुळे या वर्षी स्पष्ट लिहीन.

एक शंका उरते. क्रमांक जतन करा असे सांगायचे कसे? मी पेटीत एक छापील चिठ्ठी घालण्याचा विचार करतो आहे. तिच्यात काय असावे?

हातमाग_येवला

दादा, ‘आभारी आहोत’ हे शब्द चिठ्ठीच्या शेवटी एकदाच येऊ द्या. वर काढणीचा दिनांक हाताने लिहा, कलमांचा कोणता भाग ते लिहा, फळे देठासकट झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या साधनाने) उतरवली आहेत आणि कार्बाइड वापरलेले नाही हे सांगा, पिकवण्याची रीत द्या, आणि मग लिहा की फळ खराब निघाल्यास या क्रमांकावर फोटो पाठवावा. त्या कारणाने क्रमांक जतन होतो, मागावा लागत नाही. ज्या गड्यांनी आंबा उतरवला त्यांची नावे त्यांच्या संमतीने लिहिता आली तर फारच उत्तम. आमच्याकडे विणकराच्या नावाने नंतर विचारणा होते.

सदाशिव_पेठी

चिठ्ठी कृपया पेंढ्यात खोचू नये. ती ओलसर होऊन शाई पसरते आणि घरातले लोक पेंढ्याबरोबर टाकून देतात. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी. आंबे पिकेपर्यंत झाकण रोज उघडले जातेच.