लॉनमध्ये हुमणी, दाणेदार औषध टाकलं तरी अळ्या जिवंत

हिरवळवेडा:
मंडळी मदत हवीये. महिनाभर लॉनवर पिवळे डाग पडतायत, आधी वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून पाणी वाढवलं, काही फरक नाही. मग पक्षी येऊन चोचीने उकरायला लागले. परवा एका डागातलं गवत मुठीत धरून ओढलं तर सतरंजी उचलावी तसं अख्खं हातात आलं, खाली मुळंच नाहीत, आणि मातीत पांढऱ्या जाड अळ्या, अंगाची कमान करून पडलेल्या, डोकं तपकिरी. हुमणीच ना ही? दहा दिवसांपूर्वी इमिडाक्लोप्रिडचं दाणेदार औषध टाकलंय तरी जिवंत आहेत. डोस डबल करून परत टाकू का? मुलगी लहान आहे, लॉनवर अनवाणी खेळते, त्यामुळे खूप काळजी वाटतेय.

मातीमित्र:
हुमणीच आहे. पण डोस डबल अजिबात करू नका, लेबलवर जेवढा लिहिलाय त्याच्या वर दाणासुद्धा नको.
औषध खराब नाहीये, वेळ चुकली. इमिडाक्लोप्रिड नुकत्या अंड्यातून निघालेल्या बारीक अळीवर चांगलं चालतं. भुंगेरे संध्याकाळी उडायला लागले की मादी मातीत अंडी घालते, साधारण दोन आठवड्यांत अळ्या निघतात, त्या वेळी औषध मुळांपाशी आधीच हजर पाहिजे. क्लोरँट्रानिलीप्रोल हे दुसरं औषध तर पाण्यात फार हळू विरघळतं, ते त्याच्याही आधी टाकावं लागतं. अळी तीन अवस्थांतून जाते आणि तिसऱ्या अवस्थेतली जाडजूड अळी सगळ्यात जास्त मुळं खाते, तिला ही औषधं फारसं काही करत नाहीत. मोठ्या अळीसाठी पूर्वी ट्रायक्लोरफॉन किंवा कार्बारिलसारखं लवकर काम करणारं औषध वापरायचे, पण भारतात आता दोन्हींवर बंदी आहे, आणि कार्बारिलने गांडुळं पण मरायची. अळीची कोषात जायची वेळ झाली असेल तर मात्र काहीच टाकू नका, ती तेव्हा खाणं बंद करते, पैसे आणि विष दोन्ही वाया.
आणि आधी मोजा हो. एक फूट बाय एक फूट चौकोन तीन बाजूंनी कापायचा, तीनेक इंच खोल, झाकणासारखा उलटायचा, अळ्या मोजायच्या, परत बसवून पाणी द्यायचं. पाच-सहा जागी करा. चांगल्या मुळांचं लॉन फुटाला चार-पाच अळ्या सहज सोसतं, दहाच्या आसपास गेल्या की मग औषधाचा विचार.

अंगणवाली:
दाणे टाकल्यावर पाणी किती दिलंत? मी दोन वर्षांपूर्वी हीच चूक केली, गवत दवाने ओलं असताना दाणे फेकले, ते पात्यांना चिकटले, वरून पाइपने नुसता शिडकावा केला आणि आठ दिवसांनी वाकून बघितलं तर दाणे तसेच, बुडाशी वाळक्या काड्यांचा थर असतो ना, त्यात अडकलेले. अळी खाली, औषध वर. कोरड्या गवतावर टाकायचं आणि लगेच 12 मिमी तरी पाणी, लॉनवर दोन-तीन सरळ कडांचे डबे ठेवून मोजायचं. काड्यांचा थर जाड असेल तर आधी दाताळ्याने काढा. जोराचा पाऊस येणार असेल तर मात्र थांबा, सगळं वाहून जातं. फरशीवर उडालेले दाणे झाडून परत गवतात टाका, आणि लॉनमध्ये तणाला फुलं असतील तर आधी कापून घ्या, मधमाश्या त्याच्यावर बसतात.
मुलीला पाणी देऊन गवत पूर्ण सुकेपर्यंत तरी सोडू नका, लेबलवर जास्त वेळ लिहिला असेल तर तो पाळा.

गांडूळप्रेमी:
लहान मूल आहे तर हेटेरोऱ्हॅब्डायटिस सूत्रकृमी (अगदी बारीक जंत) पण बघा, हे हुमणीच्या अंगात शिरून तिला मारतात. जिवंत माल आहे, उन्हात मरतो, म्हणून संध्याकाळी, ओल्या मातीत, आणि नंतर काही दिवस ओल टिकवायची.

हिरवळवेडा:
सगळ्यांचे आभार, पाणी खरंच कमी दिलं होतं. आज सकाळी चार जागी मोजलं, डागांच्या बरोब्बर मधे, एकूण मिळून दोनच अळ्या. म्हणजे संपल्या का?

मातीमित्र:
नाही, मधे खायला मुळंच उरली नाहीत. पिवळं संपून हिरवं सुरू होतं त्या कडेला खणा.

हिरवळवेडा:
कडेला खणलं. दिव्याच्या खांबाजवळच्या कडेला एका फुटात 14, बाकी तीन कडांना 3, 2 आणि 4. सगळ्या जाड. उकरलेल्या साबणाच्या पाण्यात टाकल्या. आता फक्त खांबाजवळच्या पट्ट्याला सूत्रकृमी, बाकी लॉनला काहीच नाही, आणि भुंगेरे उजेडाकडे येतात म्हणून ते उडायच्या दिवसांत तो दिवा रात्री बंद.