प्रसूतीनंतरचा पहिला तास
नव्या नर्सला सगळ्यात जड काय, तर पीव्ही (योनीतून बोटांनी तपासणी) करताना गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलंय ते ओळखणं, असं म्हणतात. ते जड जातं हे खरंच, पण तो अंदाज हाताला हळूहळू बसतो. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं तसं नाही, नजरेला तो बहुतेकदा कमीच वाटतो. भिजलेलं पॅड वजन करा, कोऱ्याचं वजन वजा करा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. कमरेखाली हात घालून बघा, रक्त तिथे साचतं.

दर १५ मिनिटांनी गर्भाशय चाचपा. मऊ, बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेलं लागलं तर बहुधा मूत्राशय भरलंय. आधी ते रिकामं करा, सोबत गर्भाशयाला मसाज. गर्भाशय दगडासारखं घट्ट असूनही धार चालूच असेल तर आत फाटलेलं असू शकतं, लगेच डॉक्टरांना बोलवा. बीपीवर विसंबू नका हो, रक्त जात असताना नाडी आधी वाढते, बीपी नंतर पडतं.