कॅम्पिंगसाठी चाकू कोणता घ्यावा? सल्ला हवाय

नमस्कार मंडळी, दोन-तीन रात्री जंगलात तंबू ठोकून राहायचा बेत आहे. आतापर्यंत घरातलीच सुरी फडक्यात गुंडाळून न्यायचो, यावेळी नीट काहीतरी घ्यायचंय. व्हिडिओत दिसतात ते मोठे, पाठीला दाते असलेले चाकू चांगले का? काम एवढंच, खुंट्या तासायच्या, दोरी कापायची, भाजी चिरायची आणि सरपण. सोबत छोटी कुऱ्हाड घेऊ का?

---

तो मोठा नका घेऊ, कळकळीने सांगतेय. मी पहिला तसलाच घेतला होता, चालताना मांडीवर आपटायचा आणि खुंटीला खाच पाडायची म्हटलं की टोक कुठे जातंय तेच कळायचं नाही. पाठीवरचे दाते लाकडात अडकतात, कापत काही नाहीत. १० सेंमीच्या आसपास पातं, जाडी अडीच-तीन मिमी, घडी न होणारा, बस. स्वीडनचा मोरा कंपॅनियन बघा, वजनाला हलका आणि हातात छान बसतो. फक्त त्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, त्यामुळे पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फोडायचं असेल तर फुल टँगचा घ्या, म्हणजे पातं आणि मुठीच्या आतली पट्टी एकाच तुकड्याची. आणि फोडायचं लाकूड पात्याच्या लांबीपेक्षा बारीक हवं, नाहीतर ठोकायला टोक बाहेर उरतच नाही.

---

वरच्या ताईंशी सहमत. कुऱ्हाडीच्या जागी मी घडीची करवत घेईन. बाहको लॅपलँडरचं पातं १९ सेंमी आहे, ढकलताना आणि ओढताना दोन्हीकडे कापते, मनगटाएवढं वाळकं लाकूड आरामात. सिल्कीच्या जपानी करवती ओढतानाच कापतात, ढकलताना जोर लावला तर पातं वाकतं, हे सवयीचं होईपर्यंत लक्षात ठेवावं लागतं. कुऱ्हाडीचा घाव चुकला तर सरळ नडगीवर, घ्यायचीच असेल तर गुडघ्यावर बसून चालवा म्हणजे चुकलेला घाव जमिनीत जाईल.

---

धन्यवाद! एक राहिलं, माझ्याकडे ओपिनेल ८ नंबर, म्हणजे लाकडी मुठीचा घडीचा चाकू, पडून आहे, तो चालणार नाही का? आणि पातं स्टेनलेसचं की कार्बन पोलादाचं?

---

चालेल की, भाजी, दोरी आणि बारीक तासकामाला उत्तम. मुठीच्या तोंडाशी गोल कडी आहे ना, ती दरवेळी फिरवून घट्ट करा. माझ्या मित्राने आळस केला, पातं मिटलं आणि बोटाला टाके पडले. लाकूड फोडायला मात्र तो अजिबात वापरू नका, आणि मूठ लाकडी असल्याने पाण्याने फुगून पातं उघडायला जड जातं.

पावसाळी हवेत पहिला चाकू स्टेनलेसच घ्या. कार्बनला धार पटकन लागते पण ओला तसाच म्यानात ठेवला की सकाळपर्यंत गंजाचे ठिपके. स्कँडी ग्राइंडचा, म्हणजे धारेपर्यंत एकच रुंद उतार असलेला, असेल तर तो उतार तसाच दगडावर सपाट टेकवायचा, कोन धरायची कटकट नाही, नवशिक्यालाही जमतं. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) दगड आणि शेवटी चामड्याची पट्टी पुरते. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि मग तो सटकतो.

अजून एक, बसून तासताना दोन मांड्यांच्या मध्ये कधीच तासू नका, तिथे मोठी रक्तवाहिनी असते. कोपरं गुडघ्यांवर टेकवा, पातं शरीरापासून लांब चालवा आणि हात पोचेल एवढ्या अंतरात कोणी नाही ना ते आधी बघा.