रॉम्नीलाच मत का द्यायचं? (आयोवा कॉकसच्या निमित्ताने)

मक्याचं_शेत | १८ डिसेंबर २०११, सकाळ

परवा इथे एकांनी लिहिलं की रिपब्लिकन मराठी मंडळींनी डोकं फार चालवू नये, रॉम्नी सोडून बाकी सगळे विदूषक आहेत, गिंगरिच नुसता बोलघेवडा आहे आणि ओबामाला हरवायचं तर गुपचूप रॉम्नीमागे उभं राहावं. तिथे चार ओळी लिहायला गेलो, पण राग आवरेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी आयोवात राहतो. ३ जानेवारीला संध्याकाळी सात वाजता कॉकसला, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या सभेला, जवळच्या शाळेत जाऊन कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहिणार आहे. ‘गुपचूप उभं राहा’ हे मला कुणी सांगायची गरज नाही.

‘निवडून येऊ शकणारा’ उमेदवार द्या, हे १९९६ ला ऐकलं आणि डोल दिला. २००८ ला ऐकलं आणि मॅकेन दिला. दोघेही पडले. १९८० मध्ये रेगनबद्दलही हेच म्हणत होते, की फार उजवा आहे, मधले मतदार बिचकतील. तो आयोवात थोरल्या बुशकडून हरलासुद्धा होता. पुढे तोच अध्यक्ष झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

रॉम्नीने २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर असताना आरोग्यविमा सक्तीचा कायदा केला. ओबामाच्या कायद्यातली सक्ती आता सुप्रीम कोर्टात गेली आहे. हाच माणूस ऑक्टोबरमध्ये ओबामासमोर उभा राहून त्या सक्तीवर काय बोलणार? याउलट गिंगरिचने १९९४ मध्ये चाळीस वर्षांनी हाउस (संसदेचं कनिष्ठ सभागृह) रिपब्लिकनांच्या हातात आणलं, क्लिंटनने दोनदा व्हेटो केलेली वेल्फेअर सुधारणा १९९६ मध्ये त्याच्याच सहीने करून घेतली आणि अर्थसंकल्प तुटीतून बाहेर काढला. सरकार आकसवून दाखवलेला उमेदवारांच्या यादीतला हा एकमेव माणूस आहे. देशावरचं कर्ज १५ ट्रिलियनच्या वर गेलेलं असताना मला दुसरं काही बघायचं नाही.

वैशाली_न्यूजर्सी

विदूषक हा शब्द मलाही आवडला नव्हता. पण तुम्ही गिंगरिचचं अर्धंच चरित्र सांगताय.

तो चार संतुलित अर्थसंकल्पांचं श्रेय घेतो, त्यातल्या शेवटच्या दोन वर्षी तो सभापतीच नव्हता. १९९९ च्या जानेवारीत घरी गेला होता, आणि घालवलं ते त्याच्याच पक्षाच्या लोकांनी. त्याआधी १९९७ मध्ये हाउसने ठपका ठेवून ३ लाख डॉलर भरायला लावले. विमा सक्तीला त्याचाही वर्षानुवर्षं पाठिंबा होता, मुळात ती कल्पना हेरिटेज फाउंडेशन या उजव्या अभ्यासगटाच्या लोकांची. मेमध्ये त्याने आपल्याच पक्षाच्या पॉल रायनच्या अर्थसंकल्पाच्या योजनेला नावं ठेवली. फ्रेडी मॅक या सरकारी आधाराच्या गृहकर्ज कंपनीकडून सुमारे १६ लाख डॉलर घेतले आणि म्हणे इतिहासकार म्हणून सल्ला दिला! नॅशनल रिव्ह्यू या उजव्या मासिकाने परवाच्या संपादकीयात त्याला नको म्हटलंय, ते काय डावे आहेत?

आणि गेल्या आठवड्यात रॉम्नीला म्हणतो, कंपन्या बुडवून कमावलेले पैसे परत कर. हे वाक्य डेमोक्रॅटाच्या तोंडी शोभलं असतं. माझे यजमान आणि मी पंधरा माणसांचा धंदा चालवतो. २००९ मध्ये तिघांना काढावं लागलं, त्यातल्या एकाच्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही जायचो. रात्र रात्र झोप नव्हती. पण काढलं नसतं तर पंधराही गेले असते. हे ज्याला कळतं त्याला मी मत देणार. निकी हेलीने शुक्रवारी रॉम्नीला पाठिंबा दिलाय, ती टी पार्टीच्या (पक्षातल्या कडव्या उजव्या चळवळीच्या) जोरावर साउथ कॅरोलायनाची गव्हर्नर झालेली बाई आहे.

मक्याचं_शेत

फ्रेडी मॅकचं समर्थन मी करत नाही आणि करणारही नाही. ते वाईटच होतं. परत-कर-पैसे हे वाक्यही नको होतं. बस? पण ताई, रॉम्नी १९९४ ला आणि २००२ ला गर्भपाताच्या बाजूने होता, नंतर विरुद्ध झाला. ज्याचं मत निवडणुकीगणिक हलतं, त्याने उद्या ओबामाचा कायदा रद्द केला नाही तर कुठे दाद मागणार?

तात्या_पिट्सबर्ग

तीन लग्नं केलेल्या माणसाला कुटुंबमूल्यांच्या पक्षाचा उमेदवार करायचा, हे मला या वयात पचत नाही. उमेदवारांतला सँटोरम आमच्या पेनसिल्व्हेनियाचा. सात मुलं, एकच संसार, मतं पहिल्या दिवसापासून तीच. आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या फिरलाय. टीव्हीवाले त्याला डिबेटमध्ये कोपऱ्यात उभं करतात आणि मिनिटभर बोलू देतात.

जुना_ह्यूस्टनकर

तात्या, आदर आहे, पण २००६ च्या सिनेट निवडणुकीत तुमच्याच राज्याने त्याला १७-१८ टक्क्यांच्या फरकाने घरी बसवलं.

तात्या_पिट्सबर्ग

ते वर्ष बुश आणि इराकच्या रागाचं होतं. बरेच चांगले लोक पडले. तरी हो, फरक फार मोठा होता, नाकारत नाही.

निखिल_ऑस्टिन

इराकचं नाव निघालंच आहे तर सांगतो. माझ्याबरोबर हायस्कूलला बसणारा मुलगा तिथून परत आला, पण तो पूर्वीचा राहिला नाही. रात्री दार तीनदा तपासतो. २००२ ला रॉन पॉल, जो आज उमेदवार आहे, हाउसमध्ये युद्धाच्या विरोधात मत देतो तेव्हा सगळा पक्ष त्याला वेडा म्हणत होता. गुरुवारी सू सिटीच्या डिबेटमध्ये इराणवरून दुसरी उमेदवार बाकमन त्याच्यावर ओरडत होती, पुन्हा तेच चाललंय. सरकार छोटं हवं म्हणता मक्याचं_शेत काका, मग लष्कराचा खर्च सरकारचा नाही का?

वैशाली_न्यूजर्सी

निखिल, युद्धाबद्दल तुझं बरोबर असेलही. पण त्याच्या नावाने निघालेल्या त्या जुन्या पत्रकांत काळ्या लोकांबद्दल जे छापलं गेलं ते वाचलंस का? ‘मी लिहिलं नाही’ एवढं उत्तर मला पुरत नाही.

रांगेतला

तुम्ही सगळे नागरिक आहात, तुमचं चालू द्या. पण एक प्रश्न मक्याचं_शेत यांना.

२९ नोव्हेंबरला एचआर ३०१२ हाउसमध्ये ३८९ विरुद्ध १५ मतांनी पास झालं. नोकरीच्या ग्रीन कार्डावरची देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा काढायचं बिल, मांडणारा चेफेट्झ, तुमच्याच पक्षाचा. दुसऱ्याच दिवशी सिनेटमध्ये ते कुणी अडवलं? चार्ल्स ग्रासली, आयोवा. तुमचा सिनेटर.

मी इबी-३ मध्ये आहे, म्हणजे नोकरीच्या ग्रीन कार्डांच्या तिसऱ्या श्रेणीत. माझ्या अर्जाची तारीख २००४ ची, अजून २००२ च्या तारखा चालू आहेत. बायको पुण्यात दंतवैद्य होती, एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) तिला इथे कामाला हात लावता येत नाही. मुलगा एकवीसचा झाला की माझ्या अर्जातून बाहेर पडेल. तुमच्या एकाही डिबेटमध्ये यावर कुणी बोलत नाही. सगळा वेळ भिंत आणि बेकायदा आलेले.

मक्याचं_शेत

ग्रासलींना २०१० ला मी मत दिलंय आणि पुन्हा देईन. बेकारी ८.६ टक्के असताना इथल्या कामगाराचं काय, हे विचारणं सिनेटरचं कामच आहे. शिवाय मर्यादा काढल्याने एकूण कार्डं वाढत नाहीत, आपली रांग कमी होते ती दुसऱ्या देशांची वाढवून.

रांगेतला

एकूण कार्डं वाढत नाहीत हे तुम्हीच लिहिलंत, मग इथल्या कामगाराचं नुकसान कसं होतं? मी इथेच काम करतोय, टॅक्स भरतोय, सोशल सिक्युरिटी भरतोय. कार्ड मिळालं की नोकरी बदलू शकेन, एवढाच फरक. आइसलँडला सात टक्के आणि भारतालाही सात टक्के, याला तुम्ही न्याय म्हणता?

जुना_ह्यूस्टनकर

आम्हीपण रांगेत उभे होतो. कुणी रडलो नाही. मतदान करू न शकणाऱ्यांनी आमच्या सिनेटरांना शिव्या घालू नयेत.

रांगेतला

तुम्ही कोणत्या साली रांगेत होतात ते सांगा. नव्वदीत दोन-तीन वर्षांत कार्ड मिळालेले लोक मला संयम शिकवतात याची चीड येते. आणि शिवी मी एकही दिली नाही, वर वाचा.

वैशाली_न्यूजर्सी

ह्यूस्टनकर, हे शोभलं नाही. आमचं कार्ड १९९८ ला आलं, फार थांबावं लागलं नाही, ते काही आमच्या कर्तृत्वाने नव्हे.

आणि राग काढायचाच तर तुमच्या टेक्सासचा गव्हर्नर पेरी उमेदवार आहे, त्याच्यावर काढा. बेकायदा आलेल्यांच्या मुलांना टेक्सासात राज्याच्या दराने फी, २००१ ची सही त्याचीच. वर डिबेटमध्ये म्हणाला, याला विरोध करणाऱ्यांना काळीजच नाही. इथे कायद्याने आलेल्या एच-४ वरच्या मुलांना काही राज्यांत परदेशी विद्यार्थ्याची फी पडते.

जुना_ह्यूस्टनकर

पेरी माझा नाही. डिबेटमध्ये बंद करायच्या तीन खात्यांपैकी तिसऱ्याचं नाव विसरला त्या रात्रीच मी त्याला सोडला. साल विचारलंत म्हणून: १९९४. अडीच वर्षं लागली. ‘रडलो नाही’ हा शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

निखिल_ऑस्टिन

गिंगरिच मात्र म्हणाला की पंचवीस वर्षं इथे राहिलेल्या बेकायदा माणसाला चर्चचा, शेजाऱ्यांचा आधार असेल तर हाकलू नका. काका, तुमच्या उमेदवाराचं काळीज तिकडे आहे, रांगेतल्यांसाठी काय?

मक्याचं_शेत

हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर नाही. शिकलेल्यांना ठेवून घ्या असं सगळेच ओझरतं बोलतात, रॉम्नीसुद्धा. बिलाचं नाव घेऊन कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

रांगेतला, एक करता येतं. आमच्याकडे कॉकसमध्ये चिठ्ठ्या टाकून झाल्या की पक्षाच्या जाहीरनाम्यासाठी ठराव मांडता येतात. तोवर निम्मे लोक घरी गेलेले असतात, पण जे थांबतात तेच पुढे काउंटीला जातात. देशागणिक मर्यादा काढा, असा ठराव मी मांडतो. मजकूर तुम्ही लिहून द्या, इंग्रजीत, पाच ओळींच्या आत. ग्रासलींच्या कचेरीलाही सोमवारी फोन करतो, त्यांना मत दिलेला माणूस म्हणून. चिठ्ठीवर नाव मात्र न्यूट गिंगरिचचंच असेल.

रांगेतला

मजकूर आज रात्री पाठवतो. ‘बेकारी’वर ते हटकून अडवतील, म्हणून एकूण संख्या वाढत नाही हे पहिल्याच ओळीत घालतो. बाकी मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण ठरावाला त्या खोलीत दुसरा अनुमोदक आधीच शोधून ठेवा.

वैशाली_न्यूजर्सी

आमची प्रायमरी जूनमध्ये, तोवर सगळं ठरून गेलेलं असेल. म्हणून पुन्हा एकदा सांगते, २००८ ला तुम्ही आयोवावाल्यांनी हकाबीला जिंकवलंत आणि उमेदवारी गेली मॅकेनला. सव्वा लाखाच्या आत लोक येतात तुमच्याकडे. ती चिठ्ठी जरा जपून लिहा.

तात्या_पिट्सबर्ग

आणि लिहायच्या आधी सँटोरमच्या माणसाचं भाषण संपेपर्यंत तरी थांबा.