मदत हवी आहे: वसई-रेवदंड्याला ट्रायपॉड लावायची परवानगी

नमस्कार मंडळी,

माझ्या बहिणीची मैत्रीण डिसेंबरात लिस्बनहून येते आहे. मूळची चित्रकार, हल्ली पडक्या वास्तूंचे फोटो काढते. मुक्काम आमच्याकडे गोरेगावला. तिला गेटवे, सीएसएमटी काही नको. पोर्तुगीजांच्या खुणा हव्यात, त्याही शहराबाहेरच्या, म्हणून मी वसई आणि अलिबागजवळचा रेवदंडा, हे दोन किल्ले सुचवले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली हे तिला ठाऊक आहे; हरलेल्यांच्या बाजूने ती जागा कशी दिसते ते टिपायचंय म्हणाली. म्हटलं टिप बाई, पण किल्ल्यात अप्पांचा पुतळा आहे, आधी त्यांना नमस्कार कर!

अडचण कॅमेऱ्याची आहे. जुन्या पद्धतीचा, भात्याचा लाकडी कॅमेरा. डोक्यावरून काळं फडकं घ्यायचं, मागच्या काचेवरचं उलटं चित्र भिंगाने तपासायचं, मग एकेक फिल्म सरकवायची. स्टँडशिवाय काम होणंच शक्य नाही. संरक्षित स्मारकात हातातला कॅमेरा चालतो, स्टँडला आधी परवानगी लागते, एवढं मला माहीत आहे. मागे एका किल्ल्यावर माझ्या साध्या ट्रायपॉडवरून रखवालदाराने माघारी धाडलं होतं. शेजारी प्री-वेडिंगवाले रिफ्लेक्टर घेऊन निवांत चालू होते, ते सोडा.

तर, परवानगीसाठी अर्ज नेमका कुठे करायचा? परदेशी पासपोर्ट असला की वेगळं काही लागतं का? टुरिस्ट व्हिसावर येते आहे, फोटो विकायचे नाहीत. आणि रेवदंड्याला तटाच्या आत लोकांच्या वाड्या आहेत, तिथे कोणाला विचारायचं?

ड्रोनचा विषय मी आधीच बंद केलाय, त्यामुळे ते सल्ले नकोत.

भटका_कोळी: पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचं ऑफिस सायनच्या किल्ल्यापाशी आहे. अर्ज अधीक्षक पुरातत्त्वविदांच्या नावे करा. सोबत पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, तारखा, आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्याचा फोटो जोडा. 'स्टँड' एवढंच लिहिलंत तर सिनेमावाले समजतील. 'व्यावसायिक नाही, दिवे नाहीत, माणसं एक-दोन' हे स्पष्ट लिहा. शिक्क्याचा कागद हातात आल्याशिवाय निघू नका, तोंडी 'हो' गेटवर चालत नाही. पाहुणी घरी उतरणार आहे ना? मग परदेशी पाहुणी घरी राहते आहे हे सरकारला कळवणारा फॉर्म (आधी त्याला 'सी फॉर्म' म्हणत) ती आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन भरा, ती जबाबदारी तुमची.

वाडीवाली: रेवदंड्यात नारळ-सुपारीच्या वाड्या खाजगी आहेत. फाटकाशी उभं राहून हाक मारा, घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, बहुतेक जण चहाच पुढे करतात. सातखणी मनोऱ्यासाठी सकाळ धरा. दुपारी झावळ्यांची सावली सगळी कवडशांची होते, काळ्यापांढऱ्या फिल्मवर ते चिरफाळलेलं दिसतं. वसईत सेंट अँथनी चर्चच्या जमिनीतले पोर्तुगीज थडग्यांचे दगड चुकवू नका. त्यावरची अक्षरं तिरप्या उन्हातच उठतात, माथ्यावरच्या उन्हात सपाट पडतात.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. थडग्यांचं ऐकून ती तिथेच दिवस काढणार असं दिसतंय. अर्ज उद्याच लिहिते. शेवटचं एकच: सकाळी विरारकडे जाणाऱ्या लोकलला गर्दी उलट दिशेला असते, पण एवढी मोठी पेटी घेऊन साध्या डब्यात चढता येईल, की लगेजच्या डब्यात जावं?